उसनें अवसान

एखादी वस्तु आपल्या मालकीची झाली म्हणजे तिच्याकडून वाटेल तें करून घेण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय, हा प्रश्न माणसांच्या आणि जनावरांच्या बाबतींत आतां फारसा वादग्रस्त राहिलेला नाहीं. बैलांवर त्यांच्या शक्तीबाहेर ओझें लादणारा गाडीवान सर्वत्र निंद्य समजला जातो. परंतु निर्जीव यंत्राच्या बाबतींत हाच प्रश्न कोणीं विचारला तर ऐकणारा बहुधा हंसेल. यंत्राला वेदना नाहीं, इच्छा नाहीं, गाऱ्हाणें सांगण्यास वाचा नाहीं. मग त्याच्याशीं असलेला आपला व्यवहार केवळ सोयीचा आणि नफ्यातोट्याचा. नीतीचा तेथें संबंध काय? वरवर पाहतां हें म्हणणें बिनतोड वाटतें. पण आमच्या मतें यंत्राशीं वागतांना माणसाचा स्वभाव पुष्कळ वेळां अधिक उघडा पडतो. कारण दुसऱ्या माणसापुढें आपण कांहींसे सावध असतों, यंत्रापुढें सावध राहण्याचें कारण नसतें. म्हणून एक लहानसें, कित्येकांस क्षुल्लकही वाटेल असें उदाहरण घेऊन या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण अमेरिकेंतील आहे. पुढें दोन-तीन माणसांपुरती बैठक आणि मागें उघडा हौदा अशी जी पिकअप ट्रक नांवाची गाडी त्या देशांत आहे, ती तेथील शेतकऱ्याचें, सुताराचें, गवंड्याचें घरचें जनावरच म्हटलें तरी चालेल. एकच गाडी पंचवीस-तीस वर्षें बाळगणारीं कुटुंबें तेथें आहेत. बापाची गाडी मुलाच्या हातीं येते. अशा जुन्या गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवून त्याची शक्ति वाढविण्याचा छंद तेथें पुष्कळांस आहे. त्याचें तयार साहित्य बाजारांत मिळतें, आणि सुटीच्या दिवशीं घरच्या गॅरेजमध्यें लोक तें स्वतःच्या हातांनीं बसवितात. काम कौशल्याचें आहे, खर्चाचें आहे, आणि करणाराला त्यांत मनस्वी आनंद होतो. प्रश्न एवढाच, कीं जुन्या इंजिनाकडून त्याच्या कर्त्यानें योजिलें त्याहून अधिक मागणें उचित आहे काय. आणि असल्यास कोणत्या अटीवर?

सुपरचार्जर हें नांव भारदस्त असलें तरी वस्तुतः तो एक भाताच आहे. लोहार भाता चालवितो तेव्हां कोळसा तोच असतो, पण हवा वाढल्यामुळें तो अधिक प्रखर जळतो. सुपरचार्जरचेंही तत्त्व हेंच. ही नुसती उपमा नव्हे, त्याचा इतिहासही तसाच आहे. इंडियाना संस्थानांतील कॉनर्सव्हिल येथील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनीं १८६० सालीं ज्या वायुयंत्राचें पेटंट घेतलें, तें भट्ट्यांना हवा पुरविण्याच्या उपयोगीं पडलें. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा तेव्हां जन्मही झालेला नव्हता. पुढें १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझच्या कारखान्यानें असा भाता बसविलेल्या मोटारी मांडल्या. त्यानंतर जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर रूट्स पद्धतीचाच भाता आला. तेथें त्याचें काम जळालेला वायु बाहेर लोटून सिलिंडरांत ताजी हवा भरण्याचें होतें. त्याच्यावांचून तें इंजिन चाललेंच नसतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंतील हौशी तरुणांनीं हे भाते उचलले आणि आपल्या पेट्रोलच्या मोटारींवर चढविले. म्हणजे जें साधन एका इंजिनाचें जीवन होतें, तें दुसऱ्याच्या अंगीं चैन म्हणून आलें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याची गरज पडणार आहे.

आतां या भात्यानें घडतें काय तें पाहूं. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. दट्ट्या खालीं जातो तेव्हां या दाबाच्या जोरानें जेवढी हवा आंत येईल तेवढीवरच साधें इंजिन संतुष्ट असतें. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यानें फिरतो आणि हवा दाबून आंत कोंबतो. हा जादा दाब ६ पौंड धरला, तर एकूण दाब २०.७ पौंड, म्हणजे मूळच्या सुमारें १.४ पट झाला. हवा दीडपटीच्या जवळ, म्हणून पेट्रोल तितकें अधिक, आणि म्हणून बळही तितकें अधिक, असा हिशेब कागदावर निघतो. प्रत्यक्षांत तो तसा उतरत नाहीं. भाता फिरविण्यांत इंजिनाचेंच कांहीं बळ खर्ची पडतें. शिवाय दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. ती फारच तापली म्हणजे सिलिंडरांतील मिश्रणाचा कांहीं भाग ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतो. मोटारवाले त्याला नॉकिंग म्हणतात. बाहेर कानाला ती बारीक टकटक वाटते. पण आंत दट्ट्याच्या माथ्यावर जणूं हातोडीचे घाव बसत असतात. तें टाळण्यासाठीं ठिणगीची वेळ मागें न्यावी लागते, उंची पेट्रोल घालावें लागतें, पेट्रोलचें प्रमाण वाढवावें लागतें, कित्येकदां हवा थंड करण्याची निराळी योजना करावी लागते. तात्पर्य, हें अवसान उसनें आहे. आणि तें उसनें देणारा सावकार बाहेरचा कोणी नसून तें इंजिनच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, कीं गाडी ज्याची, पैसा ज्याचा, त्याच्या कामांत इतरांनीं तोंड घालण्याचें कारण नाहीं. इंजिन फुटलें तर त्याचें फुटेल. या आक्षेपाला कान्टच्या विचारांत एक उत्तर सांपडतें. १७९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें आहे, कीं निर्जीव सृष्टींतील सुंदर वस्तूंचा विनाकारण नाश करण्याची वृत्ति माणसाच्या मनांतील नीतीला पोषक असा भाव दुबळा करते. म्हणून अशा वस्तूंसंबंधीं आपलें जें कर्तव्य, तें खरें पाहतां आपलें स्वतःसंबंधींचेंच कर्तव्य होय. हें उत्तर मार्मिक आहे, पण येथें तें पुरें पडत नाहीं. कारण भाता बसविणारा मनुष्य नाश करावयास निघालेला नसतो. तो त्या इंजिनावर प्रेम करीत असतो. रात्र रात्र जागून त्याचा एकेक स्क्रू पुसून ठेवीत असतो. त्याच्यावर क्रौर्याचा आरोप करणें अन्यायाचें होईल. पण प्रेमाच्या पोटींही मागणी अवाजवी असूं शकते, हें आपण संसारांत पाहतोंच.

दुसरा आक्षेप याहून विचारार्ह आहे. यंत्र जसें कारखान्यांतून बाहेर पडलें तेंच त्याचें खरें स्वरूप, असें मानण्यास आधार काय? कारखानदार हा कांहीं ब्रह्मदेव नव्हे. किंमत, कायदा, पेट्रोलचा दर्जा, गिऱ्हाइकाची ऐपत अशा अनेक गोष्टींशीं तडजोड करून त्यानें तें इंजिन घडविलेलें असतें. शेव्हरोलेचें प्रसिद्ध आठ सिलिंडरांचें लहान इंजिन १९५५ सालीं निघालें; पुढें त्याचा ३५० घन इंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा प्रकार पिकअप ट्रकांत फार लोकप्रिय झाला. १९७१ सालीं जनरल मोटर्सनें हलक्या व शिसें नसलेल्या पेट्रोलवर चालावीं म्हणून आपल्या इंजिनांतील दाबाचें प्रमाण उतरविलें. धुरासंबंधींच्या कायद्यांमुळें आणखी बंधनें आलीं. आणि त्या दशकाच्या अखेरीस एवढें मोठें इंजिन १६० ते १७५ अश्वशक्तीच्या आसपास येऊन ठेपलें. यांतील कांहीं घट केवळ शक्ति मोजण्याची पद्धत बदलल्यामुळें दिसते हें खरें, तरी उरलेली घट खरीच होती. म्हणून भाता बसविणारा म्हणतो, मी या इंजिनाच्या स्वभावाविरुद्ध कांहींच करीत नाहीं. कायद्यानें आणि काटकसरीनें त्याचा कोंडलेला श्वास मी मोकळा करितों, इतकेंच. आणि दाबाचें मूळ प्रमाण कमी असल्यामुळें तें इंजिन भात्याचा बेताचा दाब सोसूंही शकतें.

या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें नाकारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. किंबहुना याहूनही सबळ उदाहरण देतां येईल. कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें शेंकडा ८३ च्या आसपास भरतो, आणि साध्या इंजिनाचें बळ जवळजवळ त्याच प्रमाणांत घटतें. तेथें भात्यानें दोन-अडीच पौंडांचा दाब दिला, तर इंजिनाला समुद्रकांठीं जें मिळालें असतें तेंच मिळतें, अधिक कांहीं नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाला भाता होता. वीस हजार फुटांवर हवेचा दाब निम्म्याहूनही कमी होतो, तेथें भात्यावांचून त्याचा निभाव लागला नसता. येथें आपणांस एक महत्त्वाचा विवेक करावा लागतो. भरपाई करणें वेगळें आणि भर घालणें वेगळें. आजाऱ्यास औषध देणें आणि धडधाकट माणसास जागरणासाठीं उत्तेजक पाजणें यांत जसा भेद आहे, तसाच हा. भरपाईला समर्थनाची गरज नाहीं. भर घालणाऱ्यानें मात्र ती कशासाठीं घालतों, आणि तिचा भार कोणावर पडतो, हें सांगितलें पाहिजे.

कर्त्याच्या हेतूचा मान किती राखावा, या वादाचें एक चांगलें उदाहरण इंग्लंडांतील मोटारींच्या इतिहासांत घडून गेलें आहे. बेंटली मोटारीचे जनक वॉल्टर ओवेन बेंटली यांचा भात्याला ठाम विरोध होता. अधिक बळ हवें असेल तर इंजिन मोठें करावें, पण त्याच्या छातींत हवा कोंबूं नये, असा त्यांच्या मताचा आशय होता. भात्यानें आपल्या इंजिनाची मूळ रचनाच भ्रष्ट होईल असें ते मानीत. पण सर हेन्री बर्किन या शर्यतबहाद्दरानें, डॉरथी पॅजेट नांवाच्या धनिक स्त्रीच्या साहाय्यानें, बेंटलींच्या इच्छेविरुद्ध त्यांच्याच साडेचार लिटरच्या मोटारीवर अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्सनें योजिलेला भाता चढविला. ११० अश्वशक्तीची मोटार १७५ वर गेली, आणि शर्यतीच्या मोटारी त्याहूनही पुष्कळ पुढें गेल्या. १९३० सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत काय झालें? बर्किननें मर्सिडीझचा असा पाठलाग केला, कीं तो आजही सांगितला जातो. पण भात्याच्या बेंटली शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. पहिला आणि दुसरा क्रमांक आला तो भाता नसलेल्या, साडेसहा लिटरच्या बेंटलींचा.

एवढ्यावरून बेंटली खरे ठरले आणि बर्किन खोटा ठरला, असा निकाल देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नाहीं. त्याच वर्षीं पो येथें झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किननें तीच जड मोटार हलक्या शर्यती मोटारींच्या मेळ्यांत घालून दुसरा क्रमांक मिळविला. आणि दैवाचा खेळ असा, कीं आज बेंटली म्हटलें म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें भात्याचीच मोटार उभी राहते. २०१९ सालीं खुद्द बेंटली कंपनीनेंच तिच्या बारा हुबेहूब प्रतिकृति बांधण्याचें जाहीर केलें. तेव्हां कर्त्याचा हेतु हा कांहीं अखेरचा शब्द नव्हे. आमच्या मतें या हकीकतीचा बोध निराळा आहे. बर्किननें चार फेऱ्यांच्या झुंजीसाठीं मोटार तयार केली होती, आणि शर्यत चोवीस तासांची होती. भाता वाईट नव्हता. भाता आणि काम यांचा मेळ बसला नव्हता.

हा मेळ नुसता कामाशींच नव्हे, तर यंत्राच्या इतर अंगांशींही बसावा लागतो. यंत्राचें बळ हा एका भागाचा गुण नव्हे; तो सर्व भागांनीं मिळून सांभाळलेला तोल आहे. इंजिनानें अधिक जोर केला कीं तो कनेक्टिंग रॉडनें सोसावा लागतो, क्रँकशाफ्टनें सोसावा लागतो, गॅस्केटनें, क्लचनें, गिअरबॉक्सनें आणि मागच्या आंसानें सोसावा लागतो. सर्वांच्या शेवटीं तो येतो ब्रेकवर. ताशीं ६० मैलांऐवजीं गाडी ७५ मैलांनीं धांवूं लागली, तर वेग सव्वापट झाला. पण ती थांबविण्यासाठीं ब्रेकला जी गतिशक्ति जिरवावी लागते ती दीडपटीहून अधिक झाली. फोर्डनें १९९९ सालीं आपल्या एफ-१५० पिकअपचा लाइटनिंग हा प्रकार भात्यासह काढला, तेव्हां कारखान्यानें काय केलें हें पाहण्यासारखें आहे. नेहमींच्या ५.४ लिटर इंजिनाची शक्ति २६० वरून ३६० वर नेली. पण त्यासाठीं दाबाचें प्रमाण उतरविलें, गिअरबॉक्स अधिक दणकट घातला, स्प्रिंगा आणि ब्रेक यांची नवी जुळणी केली. इतकें करूनही त्या गाडीची ओझें वाहण्याची मर्यादा सुरुवातीस सुमारें ८०० पौंडच ठेविली होती, म्हणजे साध्या एफ-१५० हून पुष्कळ कमी. ओझें वाहण्यासाठीं जन्मलेल्या गाडीला वेग मिळाला, आणि तिच्या पाठीवरचें ओझें उतरलें!

येथें जुन्या गाडीच्या मालकापुढें एक खरा पेंच उभा राहतो. भाता बसवून बाकी सर्व जसेंच्या तसें ठेवलें, तर जुनीं अंगें आज ना उद्यां मोडणार. उलट प्रामाणिकपणें सर्व अंगें बदलावयाचीं म्हटलें, तर दट्ट्ये नवे, रॉड नवे, गिअरबॉक्स नवा, ब्रेक नवे. मग जी जुनी गाडी राखावयाची होती ती राहिली कोठें? प्लुटार्कनें थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून तेथें नवी बसवीत; असें करतां करतां तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, यावर तत्त्ववेत्त्यांचा वाद होता. पण अथेन्सवाले फळ्या बदलीत ते जहाज जसें होतें तसें राहावें म्हणून. त्यांच्या हेतूनें त्या बदलांना एकत्र बांधून ठेविलें होतें. येथें फळ्या बदलावयाच्या त्या जहाज जसें होतें तसें राहूं नये म्हणून. तेव्हां नांव जुनें आणि वस्तु नवी, अशी ही स्थिति होते. तीत पाप नाहीं; पण जुन्यावरच्या प्रेमाखातर आपण हें करितों असें म्हणणें मात्र खरें नाहीं. असें काम करणाऱ्यानें निदान स्वतःशीं तरी हें कबूल करावें.

आमचा एक जुना विद्यार्थी ओहायो संस्थानांत राहतो. शेजारच्या वृद्ध सुताराकडून त्यानें एक जुनी पिकअप विकत घेतली, आणि तीवर भाता बसविण्याचा बेत मोठ्या उत्साहानें त्या सुताराला सांगितला. म्हाताऱ्यानें सर्व ऐकून घेतलें आणि इतकेंच विचारलें, कीं तूं तीत वाहणार काय आहेस? विद्यार्थ्यानें आम्हांस लिहिलें, कीं या प्रश्नाला आपणांस उत्तर सुचलें नाहीं, कारण वाहावयाचें असें आपल्याजवळ कांहींच नव्हतें. आपणांस फक्त तिचा आवाज ऐकावयाचा होता. आम्ही त्याला दोष देत नाहीं. निर्दोष आनंदासाठीं केलेला खर्च हा अपराध नव्हे. संगीतावर, बागेवर, पुस्तकांवर आपणही तसा खर्च करितों. पण त्या सुतारानें प्रश्न नेमका विचारला होता. बळ किती वाढलें हें विचारणारे शंभर भेटतात. बळ कशासाठीं हें विचारणारा एखादाच.

आणि या आनंदाचा भार नेहमीं मालकच सोसतो असेंही नाहीं. रस्त्यावर समोरून चालत येणाऱ्या माणसानें त्या जुन्या ब्रेकवर आपला जीव तारण ठेवण्यास संमति दिलेली नसते. त्याचप्रमाणें पुढें गाडी विकण्याची वेळ आली, म्हणजे भाता काढून ठेवून, जुनें झांकण पुन्हां बसवून ती साधी गाडी म्हणून विकतां येते. आंतील दट्ट्यांनीं काय सोसलें हें घेणाराला दिसत नाहीं. उसनें अवसान एकानें घ्यावें आणि फेड दुसऱ्यानें करावी, असा हा व्यवहार होतो. यंत्राला वाचा नाहीं म्हणून तें गाऱ्हाणें सांगत नाहीं, हें खरें. पण तें साक्षही देत नाहीं, आणि म्हणूनच विकणाऱ्यानें खरें सांगितलें पाहिजे. निर्जीव वस्तूच्या बाबतींत नीतीचा संबंध काय, या आरंभीं केलेल्या प्रश्नाचें आमच्या मतें हें अधिक पुरें उत्तर आहे. यंत्र मुकें असतें, पण तें नेहमीं दोन माणसांच्या मध्यें उभें असतें.

तेव्हां आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. जुन्या इंजिनावर भाता बसविणें हें स्वभावतः अयोग्य नाहीं, आणि कर्त्यानें आंखलेली मर्यादा ही कांहीं वेदवाक्य नव्हे. पण जो एका अंगाचें बळ वाढवितो, तो इतर सर्व अंगांचा देणेकरी होतो. हें देणें ओळखून, ब्रेकपासून आरंभ करून शेवटीं भात्याकडे जो येईल, घेणाराला आणि शेजाऱ्याला जो खरें सांगेल, आणि हें बळ कशासाठीं या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर असेल, मग तें उत्तर केवळ आनंद हें कां असेना, त्याला आम्ही तसें करण्याचा अधिकार देऊं. जो भात्यापासून आरंभ करितो आणि ब्रेकचा विचार पुढें ढकलतो, त्याला देणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दारीं अशी गाडी उभी असेल. तरीही हा विचार त्यांच्यापुढें मांडावासा वाटला, याचें कारण असें, कीं अश्वशक्तीचा आंकडा सांगतां येतो, चौघांत मिरवितां येतो. गॅस्केट किती थकलें आहे हें दाखविणारा कांटा मात्र कोणत्याही गाडींत बसविलेला नसतो. मुलांचे गुण, संस्थांचे अहवाल, आपला स्वतःचा दिवसाचा उरक, जेथें म्हणून एक आंकडा वाढलेला पाहून आपण समाधान पावतों, तेथें तेथें न मोजलेलें असें दुसरें कांहीं तरी तो भार मुकाट्यानें वाहत असतें. तें कोणतें, हें आंकडा वाढविण्यापूर्वीं शोधण्याची संवय आपण लावून घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे.